बाबांना सांभाळणाऱ्या ताईंना, थँक्यू!

ताई, तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून उठून जाता, म्हणून आज सगळ्यांसमोरच लिहितेय.

अल्झायमर म्हणजे विसरणं, इतकंच ऐकून होतो आम्ही. पण बाबांचं विसरणं परवडलं, तो संशय नको असं झालेलं. पाकीट स्वतःच उशीच्या अभ्र्यात कोंबायचे आणि मग घरभर "चोर आहात सगळे!" आता यावर खुलासा तरी काय करणार? तुम्ही मात्र "अरे बापरे, चला शोधू" म्हणत त्यांच्याबरोबर शोधायला लागायच्या, पाकीट त्यांच्याच हाताला लागेल असं बघायच्या आणि वर "बरं झालं बाई, तुम्हालाच सापडलं". संपला विषय! डॉ. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या पेशंटची केस पहिल्यांदा मांडली, त्या बाईंचीही सुरुवात नवऱ्यावरच्या संशयानेच झाली होती म्हणे. हे वाचल्यावर बाबांवरचा माझा राग बराच निवळला.

कपड्यांचं तर विचारूच नका, शर्टाच्या बाहीत पाय घालायचे. तुम्ही सगळे कपडे समोर न ठेवता एकेक करून हातात द्यायला लागलात, आधी बनियन, मग शर्ट, आणि बटणं त्यांची त्यांनाच लावू दिलीत, कितीही वेळ लागो. दाढीचा ब्रश नुसता हातात दिला की पुढचं सगळं हात आपोआप करतो हे पण तुम्हीच शोधून काढलंत, आम्ही आपले "बाबा, दाढी करा" असं सांगत बसायचो.

संध्याकाळी, स्वतःच्या घरातच असून, बाबांचं "मला घरी जायचंय" सुरू व्हायच्या आतच तुम्ही सगळे दिवे लावून टाकता आणि तरीही सुरू झालंच तर "घरी कोण कोण असतं?" विचारून त्यांना बोलतं करता.

पण सगळ्यात मोठे उपकार म्हणजे ते युरिन इन्फेक्शन. बाबा अचानक रात्रभर बडबडायला लागले, भिंतीवर माणसं दिसायला लागली, सगळे म्हणाले आजार वाढला, झोपेची गोळी सुरू करा. तुम्ही एकट्याच अडून बसलात की हा आजार असा दोन दिवसांत उडी मारत नाही, आधी लघवी तपासा. निघालं ना इन्फेक्शन! औषधाने बाबा बरेचसे पूर्वपदावर आले.

आणि हो, रजा मागायला एवढं लाजत जाऊ नका. पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला हक्काने जा, तेवढे दिवस मी आणि दादा बघतो.