रिफ्लेक्टर पिशवीत, सायकल रस्त्यावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सायकलींच्या नव्या फॅशनवर दोन पानं आली. फोटो सुरेख होते. मॅट काळ्या फ्रेम, बारीक हँडल, काळं हेल्मेट, काळे बूट. एकाही सायकलला मडगार्ड नाही, घंटी नाही, दिवा नाही आणि पायडलवर प्रकाश परतवणारी ती पिवळी पट्टी, म्हणजे रिफ्लेक्टरही नाही. तक्रार लेखाबद्दल नाही. सायकलच्या दुकानात पाऊल टाकलं की हेच चित्र दिसतं, आणि तिथे ते फोटोत राहत नाही, विकलं जाऊन रस्त्यावर येतं, म्हणून हे पत्र.

फॅशनला नाकं मुरडणारी मी नव्हे. कपडे शिवणं हा माझा धंदा आहे. लोकांना नटायची हौस नसती तर माझी मशीन कधीच गंजली असती. रोज सायकलनं कामावर जाते आणि परत येताना अंधार पडलेला असतो. त्यामुळे दिसणं आणि रस्त्यावर दिसून येणं, दोन्हीशी माझा रोजचा संबंध आहे.

मध्यंतरी भाचीला सायकल घ्यायला तिच्याबरोबर गेले होते. विक्रेता मुलगा बोलायला चांगला, हुशार. पहिला प्रश्न, "रंग कुठला आवडतो?" दुसरा, "स्पोर्टी लूक हवा की व्हिंटेज?" सायकल कशासाठी हवी, रात्री चालवणार का, गर्दीतून जाणार का, हे त्यानं शेवटपर्यंत विचारलं नाही. सायकल पसंत पडली. जोडणी आमच्यासमोरच झाली, म्हणून मला खोक्याच्या तळाशी पडलेली प्लॅस्टिकची पिशवी दिसली. आत पुढचा पांढरा रिफ्लेक्टर, मागचा लाल, चाकांच्या तारांत बसवायचे दोन, त्यांचे स्क्रू आणि एक घंटी. मुलानं ती पिशवी माहितीपुस्तिकेत गुंडाळली आणि भाचीच्या हातात दिली. "हे लावलं की सायकल लहान मुलांची वाटते. हवं तर घरी लावा." एवढ्यावर न थांबता त्यानं जाडजूड पायडल काढून पातळ, चकचकीत पायडल बसवायचा आग्रह धरला. जुन्या पायडलच्या कडांना पिवळे रिफ्लेक्टर होते. नव्याला काहीच नव्हतं.

घरी लावा! एकदा घरी आलेली ती पिशवी पुन्हा कोण उघडतं? ती खणात जाते, पानं-पक्कड आणि निकामी किल्ल्यांच्या शेजारी, आणि तिथेच राहते. जे सायकलवर बसवून मिळतं ते टिकतं, जे पिशवीत मिळतं ते हरवतं, हे दुकानदाराला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. दिवा, घंटी, रिफ्लेक्टर यांना दुकानात 'अॅक्सेसरी' म्हणतात आणि ती वेगळ्या भिंतीवर टांगतात, म्हणजे हौस असेल त्यानं घ्यावी. फॅशन मात्र सायकलबरोबर आपोआप मिळते.

त्या पिवळ्या पट्टीसाठी मी इतकी हट्टाला का पेटले, ते सांगते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी वाहतुकीला बंद असलेल्या रस्त्यावर रात्री एक चाचणी घेतली होती. चालकांनी गाडी चालवायची आणि समोर सायकलस्वार आहे हे ओळखू आलं की बटण दाबायचं. निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले. काळ्या कपड्यांतला सायकलस्वार चालकांनी 2 टक्के वेळा ओळखला. झगझगीत फ्लुरोसंट जाकीट घातलेला 15 टक्के वेळा. प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घातलेला 50 टक्के वेळा. आणि त्याच जाकिटाबरोबर घोट्यांना आणि गुडघ्यांनाही तशाच पट्ट्या बांधलेला 90 टक्के वेळा.

पन्नासावरून नव्वदावर आकडा गेला तो पायांमुळे. पायडल मारताना घोटे आणि गुडघे वर-खाली होतात. अंधारात एक ठिपका नुसता चमकला तर तो खांब असेल, डबा असेल, काहीही असेल. पण दोन ठिपके आळीपाळीनं वर-खाली होताना दिसले की समोर माणूस आहे हे डोळ्याला न सांगता कळतं. पायडलचा तो स्वस्त, ओबडधोबड पिवळा रिफ्लेक्टर नेमकं हेच काम करतो. सायकल देखणी करायची म्हणून दुकानदार सगळ्यात आधी काढतो तोही हाच.

इथे थोडं माझ्या धंद्यातलं. माझ्याकडे गिऱ्हाइकं निऑन हिरवं, निऑन गुलाबी कापड घेऊन येतात. "रात्री चालवते हो, उठून दिसायला हवं." त्यांना दुकानात तसंच सांगितलेलं असतं. हा निऑन, म्हणजे फ्लुरोसंट रंग झगमगतो तो उजेडातल्या अतिनील किरणांवर. दिवसा, ढगाळ हवेत, तिन्हीसांजेला तो कामाचा आहे. रात्री गाडीच्या दिव्यात त्या किरणांचा फारसा पत्ता नसतो, आणि ते महागडं जाकीट साध्या फिक्या कपड्यासारखं होऊन बसतं. रात्री उपयोगी पडते ती करड्या रंगाची पट्टी. दिवसा ती राखेसारखी मळकट दिसते, म्हणून कोणी तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. तिच्या पृष्ठभागावर काचेचे अतिशय बारीक मणी असतात. प्रकाश जिथून आला तिकडेच ते तो परत पाठवतात. ही पट्टी मी पँटच्या पायाला आतल्या बाजूनं शिवून देते. ऑफिसात पाय सोडलेला असला की पँट साधी, सायकलवर बसताना एक दुमड वर घेतली की पट्टी बाहेर. शिवताना टाका कडेनं घ्यायचा, थेट इस्त्री फिरवायची नाही, ब्रशनं घासायची नाही, नाहीतर मणी झडतात. शिवलेली कुणाच्या लक्षातही येत नाही. देखणेपण आणि सुरक्षा यांचं भांडण दुकानदारांनी लावलेलं आहे. सुई-दोऱ्याला ते कधी जाणवलेलं नाही.

ही माझी नवी अक्कल नव्हे. 1895 साली लंडनच्या अॅलिस बायग्रेव्ह या बाईंनी सायकलस्वार स्त्रियांच्या झग्याचं पेटंट घेतलं होतं. झग्याच्या शिलाईत दोऱ्या आणि वजनं अशी लपवलेली, की दोऱ्या ओढल्या की घेर पुढून-मागून वर उचलला जाई आणि चाकात अडकत नसे. सायकलवरून उतरलं की पुन्हा नेहमीचा झगा. त्याआधी दहा वर्षं, 1885 मध्ये, जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' सायकल आली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला साखळी. तोवर तरुणांत मोठेपणा होता तो पुढचं चाक पुरुषभर उंच असलेल्या सायकलचा, आणि खड्डा लागला की स्वार डोक्यावर आपटायचा. नवी सायकल विकली गेली ती 'सेफ्टी' म्हणूनच, आणि ऐटबाज उंच चाक थोड्याच वर्षांत मागे पडलं. तेव्हा सुरक्षेला गिऱ्हाईक नाही, असं निदान सायकलच्या धंद्यानं तरी म्हणू नये.

मापाचंही तेच. माप न घेता मी कुणाची पँट कापली तर दुसऱ्या दिवशी ती माझ्या तोंडावर येईल. सायकल मात्र डोळ्यांनी पाहून दिली जाते. फ्रेमच्या आडव्या दांड्यावर उभं राहून मध्ये मोकळी जागा राहते का, हे फार थोड्या दुकानांत तपासतात. त्याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ब्रेकची मूठ. भाचीचे हात लहान आहेत. हँडल धरून तिनं बोटं लांबवली तर मुठीला फक्त बोटांची टोकं टेकत होती. घाईच्या वेळी अशा बोटांत जोर कुठून येणार? बहुतेक ब्रेकच्या मुठीला एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की मूठ हँडलजवळ येते. त्या मुलाला तो स्क्रू माहीत होता. मी बोट दाखवल्यावर त्यानं मिनिटभरात काम केलं आणि केबलही नीट ओढून दिली. मग आधी का नाही केलं? कारण कुणी विचारत नाही. 'लेडीज' म्हणून फिकट जांभळा रंग आणि पुढे टोपली मिळाली. त्या लेडीजची बोटं किती लांब, ते कुणी पाहिलं नाही.

ब्रेक नसलेल्या सायकली हा तर वेगळाच प्रकार. फिक्सी, म्हणजे मागचं चाक पायडलशी घट्ट बांधलेलं, पाय थांबवले की चाक थांबतं. हँडलवर ब्रेकची मूठ नाही, केबल नाही, त्यामुळे दिसते खरी झकास. पण अचानक थांबताना वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं पडतं आणि घसरतं. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. शर्यतीच्या ट्रॅकवर सगळे एकाच दिशेनं धावतात आणि आडवं कुणी येत नाही, तिथे ते चालतं. ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावरच्या सायकलला दोन स्वतंत्र ब्रेक लागतात; फिक्सीचं मागचं चाक त्यातला एक धरला जातो, पुढचा तरी हवाच. त्याच देशात 2010 च्या नियमांनुसार नवी सायकल विकतानाच तिच्यावर घंटी आणि रिफ्लेक्टर असावे लागतात. जबाबदारी विकणाऱ्यावर टाकली आहे, विकत घेणाऱ्याच्या लहरीवर सोडलेली नाही. मला तेवढंच हवं आहे.

हेल्मेटबद्दल थोडक्यात. युरोपचं ईएन 1078 आणि अमेरिकेचं सीपीएससी ही मानकं हेल्मेट ठरावीक वेगानं आपटून आतल्या नकली डोक्याला किती हादरा बसतो ते मोजतात. युरोपच्या चाचणीत सपाट पृष्ठभागावरचा वेग सेकंदाला 5.42 मीटर असतो, अमेरिकेच्या 6.2 मीटर. रंग काळा की पांढरा, अंधारात दिसतो की नाही, याच्याशी हेल्मेटवरच्या या मानकांच्या शिक्क्याचा संबंध नाही. शिक्का आत पाहून घ्या. मग मॅट काळंच आवडत असेल तर जरूर घ्या, पण मागे पट्टी चिकटवा. आणि जोरात आपटलेलं हेल्मेट वरून ठाकठीक दिसलं तरी बदला. आतला फोम एकदा चेपला की चेपला.

दुकानदारांचं उत्तर ठरलेलं असतं: "गिऱ्हाईकच मागतं." मागतं, खरं आहे. माझ्याकडेही लोक अशा घट्ट पँटा मागतात की त्या घालून खुर्चीवर बसणंसुद्धा कठीण. मी सांगते, बसून दाखवा, मग कापते. काही रागावून दुसरीकडे जातात. बरेचसे अर्धा इंच सोडायला तयार होतात.

म्हणून सायकलवाल्यांना एकच विनंती. जे खोक्यात आलंय ते बसवूनच सायकल बाहेर काढा. ज्याला नको असेल त्यानं घरी जाऊन काढावं, हवं असणाऱ्यानं घरी जाऊन लावावं असं नको. आणि गल्ल्यावर एक टॉर्च ठेवा. आतल्या खोलीतला दिवा मालवा, गिऱ्हाइकाला टॉर्च डोळ्याशेजारी धरायला सांगा, कारण परतणारा प्रकाश टॉर्चकडेच येतो, आणि निऑन जाकीट व करडी पट्टी शेजारी शेजारी दाखवा. दोन्ही प्रकारचे पायडलही दाखवा. त्यानंतर त्यानं पातळ, चकचकीतच मागितले तर खुशाल विका.

वाचकांपैकी ज्यांनी अलीकडे सायकल घेतली असेल त्यांनी माहितीपुस्तिका जिथे ठेवलीय तिथे पाहावं. पिशवी बहुधा तिथेच असेल. साध्या स्क्रू ड्रायव्हरनं काम होतं. चाकातले रिफ्लेक्टर तारांत घट्ट बसलेत ना, तेवढं हलवून बघा.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक