मिस्त्री, त्या पारदर्शक नळीबद्दल आभार

नमस्कार मिस्त्री,

नारायणगावातून टोमॅटोचे क्रेट भरून रात्री वाशीकडे निघणाऱ्या आम्हा पिकअपवाल्यांकडून हे पत्र. गाड्या बहुतेक जुन्या बाजारातल्या, चार सिलिंडरच्या, कॉमन रेल; म्हणजे पंप एका सामायिक नळीत (रेलमध्ये) दाबाने डिझेल भरतो आणि तिथून ते सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या नोझलना मिळतं. अशी गाडी पंधरा-वीस सेकंद सेल्फ मारल्याशिवाय उठेना, की ‘पंप गेला’ किंवा ‘नोझल गेले’ हे बोनेट उघडायच्या आतच ठरतं. तुम्ही स्वस्तातल्या गोष्टी आधी तपासायला लावल्यात. तुम्ही बोलता कमी, म्हणून तुमची पद्धत आम्हीच लिहून ठेवतो आहोत.

आधी बॅटरी. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना साधारण ९.६ च्या खाली नको. सेल्फ संथ फिरला की रेलमध्ये दाब बनत नाही, आणि साधारण २०० ते २५० बार झाल्याशिवाय ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) नोझल उघडतच नाही. बॅटरीचं पाप पंपाच्या माथी जातं ते असं.

मग टाकी ते पंप ही लाइन. टाकीत इलेक्ट्रिक पंप नसेल तर ही ओढणारी बाजू. तिला बारीक भेग पडली तर चालत्या गाडीत डिझेल टपकत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही आणि माणूस फसतो. गाडी रात्रभर उभी राहिली की डिझेल मागे टाकीत उतरतं. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये फूटभर पारदर्शक डिझेल नळी जोडली की बुडबुडे स्वतःच साक्ष देतात. सकाळी हातपंप घट्ट होईपर्यंत दाबल्यावर गाडी एका सेल्फला उठली, तर पंपाला हात लावायचं कारण नाही. चोर बहुधा तीन ठिकाणी: फिल्टर बदलताना वाकडी बसलेली ओ-रिंग, खालचा पाणी काढायचा स्क्रू, आणि क्लिपखाली कडक झालेलं नळीचं टोक. टोक इंचभर कापून नवी क्लिप लावली की बऱ्याचदा काम होतं.

गाडी थंड असताना पटकन उठते पण गरम झाल्यावर उठत नाही, तेव्हा संशय नोझलवर. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या नोझलमधून रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत, पळतं. प्रत्येक नोझलच्या रिटर्नला एक, अशा सारख्या लांबीच्या चार नळ्या, सारख्या चार बाटल्या, मूळ रिटर्नचं तोंड बंद, गाडी दोन-तीन मिनिटं आयडलवर. तीन बाटल्या जवळपास सारख्या आणि एक दुप्पट भरली, तर तेवढंच नोझल काढायचं. चारही बदलायला सांगणाऱ्याला बाटल्या दाखवायच्या. बसवताना तांब्याचा वॉशर नवाच हवा, बैठक साफ हवी. जुना वॉशर गॅस सोडतो, ‘चक्-चक्’ आवाज येतो आणि नोझलभोवती डांबरासारखा थर जमतो. ज्या गाडीत नोझलवर कोड छापलेला असतो, तिथे तो स्कॅनरने ईसीएममध्ये भरायचा.

परतीच्या वाटेवर माळशेज चढताना रिकामी गाडीही काळा धूर सोडत असेल, तर एअर फिल्टरनंतर इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज तपासायचे. भेग बहुधा खालच्या अंगाला असते आणि दाब आल्यावरच उघडते. एकाने रेस द्यायची, दुसऱ्याने साबणाचं पाणी मारायचं. बाहेर तेलकट डाग दिसला तर भेग तिथेच. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, मग टर्बोचं सील किंवा रिंगा. पांढऱ्या धुराला डिझेलचा उग्र वास असेल तर हीटर प्लग, नोझल किंवा कॉम्प्रेशन. गोडसर वास असून कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट.

खास आभार एका नकाराचे. जुन्या पंपाच्या गाड्यांत मिसिंग (कुठला सिलिंडर नीट पेटत नाही ते) शोधायला चालू इंजिनात नोझलचा नट सैल करायची रीत होती. कॉमन रेलमध्ये तुम्ही तसं कुणालाच करू देत नाही. तिथे दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण तडक दवाखाना गाठावा लागतो. मिसिंग स्कॅनरवर सिलिंडरनिहाय बघायचं.

तुमच्या पारदर्शक नळीचे दोन तुकडे आमच्याकडे आहेत. एक परत पाठवतोय; दुसरा सध्या ओतूरच्या एका गाडीला लावलाय आणि त्यात बुडबुडे दिसताहेत.

आपले,
टोमॅटोवाले पिकअपचालक, नारायणगाव