कास–बामणोली–तापोळा सायकल राइड: सभासदांसाठी सूचना

रविवारी पहाटे ५.३० ला साताऱ्यात पोवई नाक्यावर जमायचं. मार्ग ठरल्याप्रमाणेच: यवतेश्वर घाट, कास, बामणोली, तिथून लाँचने तापोळा आणि वर महाबळेश्वर.

हवा ठासून भरू नका. ४० मिमी ट्यूबलेस टायर आणि ७० किलो वजन असेल तर पुढे ३०, मागे ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे. ट्यूब असेल तर ५ वाढवा, नाहीतर रिम दगडावर आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. चाक कानाशी धरून हलवा. सीलंटची (ट्यूबलेस टायरमधलं भोक आपोआप बुजवणाऱ्या द्रवाची) खळखळ ऐकू आली नाही तर ६० मिली भरा.

बामणोलीच्या उतारावर सुट्या मुरमात ब्रेक वळणाआधीच लावायचा. वळणात पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटलंच. ब्रेक धरून ठेवू नका, दाबा-सोडा करा. डिस्क तापली की पकड जाते. ब्रेक पॅडचा थर १ मिमीहून कमी असेल तर आजच बदला.

लाँचमध्ये सायकल आडवी ठेवताना डिरेलरची (मागच्या चाकापाशी साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाची) बाजू वर हवी. हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारी पट्टी) वाकला तर नेमक्या हलक्या गिअरला डिरेलर स्पोकमध्ये अडकतो, आणि पुढे तर जवळपास ७०० मीटरचा चढ आहे. जादा हँगर जवळ ठेवा.

कास पठारावर सायकल रस्त्याखाली उतरवू नका. कातळावर माती जेमतेम असते. चाकोरी पडली की माती पावसात वाहून जाते आणि कंद उघडे पडतात. कोयना अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही.

पाणी प्रत्येकी ३ लिटर.