कपिलने कप उचलला त्या आठवड्यातली चिप आणि आमचे काका

काका, नमस्कार.

तुमचा फोन अजून बटणांचाच आहे, म्हणजे हे तुम्हाला तुमची नात वाचून दाखवणार, आणि अर्ध्यात तुम्ही म्हणणार पुरे आता. पण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, तो पंखा बंद कर जाताना" म्हणून विषय संपवता, तीनदा झालंय असं, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय, आता कुठे पळाल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काका म्हणजे ते टीव्हीवाले ज्यांनी माझी पाय तुटलेली चिप जोडून दिली, आणि मी जुने प्रोसेसर गोळा करते. म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकात घरी टीव्हीला जोडायचे कॉम्प्युटर यायचे ना, कमोडोर, स्पेक्ट्रम, अटारी, बीबीसी मायक्रो, त्यांच्या आतली मेन चिप. दिवसभर सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि रविवारी जुन्या बाजारात भंगार उचकते, आई म्हणते स्थळं बघायला गेली असतीस तर एवढ्यात नातवंडं शाळेत असती. असो.

तर त्या रविवारी मला बीबीसी मायक्रोचा बोर्ड मिळाला, ३५० रुपयांना, कीबोर्ड नाही, वरचं झाकण नाही, नुसती खालची अर्धी केस आणि तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने 'सं. क. ३' लिहिलेलं. विकणारा म्हणाला शाळेच्या भंगारातून आलाय. मला पटलं, कारण १९८४ ला सरकारने शाळांमध्ये कॉम्प्युटर शिकवायचा क्लास नावाचा प्रोजेक्ट काढला होता, सुरुवातीला २५० शाळा, आणि त्यात हेच एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो आणले होते. ३२ के मेमरी आणि ६५०२ए प्रोसेसर, म्हणजे ६५०२च पण जास्त वेगाचा, २ मेगाहर्ट्झचा. आणि मला हवा होता तो ६५०२च, माझ्याकडे झेड ८० होता, कमोडोर ६४ मधला ६५१० होता, टेक्सासचा तो ६४ पायांचा गोमसारखा टीएमएस ९९०० पण होता, पण साधा ६५०२ नव्हता, म्हणजे गणपती सगळे आणि मोदकच नाही असली अवस्था.

आणि मग मी घरी येऊन काय केलं, तर स्क्रूड्रायव्हर घातला चिपखाली आणि उचकटली. एका बाजूनेच. चाळीस वर्षं सॉकेटमध्ये बसलेली चिप, पाय काळे पडलेले, ती काय अशी येणारे होय. खटकन आवाज आला आणि चिप हातात, आणि कोपऱ्यातला एक पाय सॉकेटमध्येच. ४० नंबरचा. रिसेट. म्हणजे चाळीसातला नेमका तो की ज्याच्याशिवाय चिपला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. मी त्या रात्री जेवले नाही हे खरंय.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून हाफ डे टाकून पुण्यात पासोड्या विठोबाच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत तिथे गेले, पाच दुकानांत दाखवलं, सगळे म्हणाले नवीन आयसी (म्हणजे चिपच) घ्या मॅडम, एकाने तर विचारलं मोटारीच्या रिमोटची आहे का. सहाव्याने तुमचा पत्ता दिला, तो जिना चढून वर गेलात की म्हातारबाबा बसतात, ते असली उलटी कामं करतात. सॉरी हं काका, पण असंच म्हणाला तो.

तुम्ही पहिल्यांदा चिपकडे बघितलंच नाही. माझ्या हातातल्या थर्माकोलकडे बघितलंत. मी सगळ्या चिपा थर्माकोलमध्ये खोचून आणल्या होत्या, कौतुकाने, ओळीने. तुम्ही कपाळाला हात लावलात. "अगं थर्माकोल म्हणजे स्टॅटिकची खाण, ह्यातल्या जिवंत किती राहिल्यात देव जाणे" असं म्हणून आधी खालून पारदर्शक आयसी ट्यूब आणवल्यात, एकेक चिप अर्थिंगची वायर हाताला बांधून त्यात सरकवलीत आणि मग चष्म्यावर ते घड्याळजीचं भिंग चढवलंत. आणि पहिला प्रश्न काय, तर "८३२५ म्हणजे काय गं हे?" मी सांगितलं डेट कोड, पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन आठवडा, म्हणजे १९८३ चा पंचविसावा आठवडा. तुम्ही कॅलेंडर न बघता म्हणालात, "जूनचा शेवट. कपिलने कप उचलला तो आठवडा." मी घरी जाऊन मोजलं, २० ते २६ जून, फायनल २५ ला. बरोब्बर. तेव्हापासून घरी या चिपला कपिलच म्हणतात.

आता पायाचं. हे मी नीट लिहिते कारण बाकीच्यांना पण उपयोगी पडेल. पाय मुळातून तुटला होता, बाहेर काहीच नव्हतं धरायला. तुम्ही बारीक कानशीने त्या कोपऱ्यातलं काळं प्लास्टिक खरवडायला घेतलंत, इतकं हळू की माझा चहा गार झाला, आणि दहा-बारा मिनिटांनी आत एक टिकली चमकली, मोहरीच्या दाण्याएवढी पण नाही, आतल्या पत्र्याचा तुटका शेंडा. त्याच्यावर फ्लक्सचा थेंब, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते, मग सोल्डरिंगच्या बिटच्या टोकावर जेमतेम सोल्डर घेऊन एक टिचकी. मेलेल्या कुठल्यातरी आयसीचा पाय कापून चिमट्यात धरलात आणि लावलात. श्वास रोखलेला दोघांनी. मग सगळी चिप नव्या सॉकेटमध्ये बसवून दिलीत आणि म्हणालात आता सॉकेटसकटच काढ-घाल कर, चिपला हात लावायचा नाही. बिल विचारलं तर सॉकेटचे १२ रुपये.

इथपर्यंत असतं तरी मी आभार मानले असते, पण खरी गोष्ट पुढच्या आठवड्यातली.

मी घरी चिप चालते का बघायला सर्किट केलं. ६५०२ चं सोपं असतं, मेमरी वगैरे काही लागत नाही, डेटाच्या आठ वायरी रेझिस्टर लावून अशा बांधायच्या की चिपला कायम ईए हा (सोळाच्या पद्धतीत लिहिलेला) एकच आकडा दिसेल, आणि ईए म्हणजे ६५०२ च्या भाषेत नोप, म्हणजे काही करू नकोस, पुढे जा. मग ती बिचारी पत्ते मोजत जाते, शून्यापासून ६५५३५ पर्यंत आणि परत शून्य. कुठल्यातरी ॲड्रेस पिनला एलईडी लावला की लुकलुकताना दिसतो. तर मी ५५५ नावाच्या टायमर चिपचा सावकाश क्लॉक दिला, क्लॉक म्हणजे ज्या ठोक्यावर चिप पाऊल टाकते तो, सेकंदाला दोन ठोके, म्हणजे डोळ्यांना एकेक स्टेप दिसेल म्हणून. आणि काही धड होईना. एखादा एलईडी लागायचा, मग भलताच लागायचा, मग सगळे गप. रात्री दीड वाजता मी वहीत लिहून टाकलं, ६५०२ए, ८३२५, डेड. थर्माकोलने मारली असणार असं पण लिहिलं खाली.

आणि फक्त सॉकेटचे १२ रुपये घेतले होते याचं वाईट वाटून मी सांगायला आले तुम्हाला, की काका गेली हो चिप, तुमची मेहनत वाया. तुम्ही म्हणालात डेटाशीट दाखव, म्हणजे चिपचं माहितीपत्रक. तुम्हाला प्रोसेसरमधलं काही कळत नाही हे तुम्हीच सांगता सगळ्यांना, मी टीव्हीवाला माणूस, पण कागद घेतलात, भिंग लावून टायमिंगच्या टेबलवर बोट फिरवलंत आणि विचारलंत, "क्लॉक जास्तीत जास्त किती ते बघितलंस. कमीत कमी किती चालतो ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. डिप्लोमाला ८०८५ प्रोसेसरच्या किटवर दोन सेमिस्टर काढली आणि हा प्रश्न मला कधी पडला नाही. जुनी ६५०२ एनमॉस नावाच्या जुन्या पद्धतीने बनायची, तिच्या आतल्या रजिस्टरमधला आकडा म्हणजे इवलासा साठवलेला चार्ज, क्लॉकचा ठोका वेळेवर आला नाही की तो गळून जातो. सेकंदाला दोन ठोके म्हणजे तिला दर पावलाला झोपच लागत होती, आणि उठून बघते तर कुठे होते तेच आठवत नाही. नंतरच्या सीमॉसवाल्या चालतात सावकाश, ही नाही. म्हणजे चिप ठणठणीत होती, मीच तिला चुकीची परीक्षा देऊन नापास केलं होतं. आणि मी टेस्टर आहे, पगार त्याचाच घेते.

तुम्ही खोक्यातून कुठल्यातरी जुन्या बोर्डावरची चंदेरी डबी काढलीत, १ मेगाहर्ट्झ ऑसिलेटर, म्हणजे भरभर ठोके देणारा, आणि एलईडी डायरेक्ट नको लावू, तिच्या अंगात तेवढा जोर नसतो म्हणून मध्ये बीसी ५४७ ट्रान्झिस्टर टाकलात. शेवटच्या ॲड्रेस पिनला जोडलं. मी रिसेट दाबून सोडला. आणि एलईडी लुकलुकायला लागला, भरभर, एकसारखा. मी पेपरच्या कडेला गणित केलं, नोपला दोन ठोके, ६५५३६ पत्ते, १ मेगाहर्ट्झ, म्हणजे एक फेरी साधारण ०.१३ सेकंदाची, सेकंदाला सात-आठ लुकलुक. तुम्ही मनगटावरचं घड्याळ धरून मोजायचा प्रयत्न केलात आणि मोजता येईना तेव्हा हसलात. मी मात्र रडले थोडी, ते तुम्ही बघून न बघितल्यासारखं केलंत, त्याचे पण आभार.

त्यानंतर मी दर शनिवारी येऊन तुमचं डोकं खात बसले. ६५०२ ची जन्मकथा तुम्हाला तीनदा तरी ऐकवली असेल. चक पेडल नावाचा इंजिनिअर आणि त्याची माणसं मोटोरोला सोडून मॉस टेक्नॉलॉजीत गेली, १९७५ च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्कॉन या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात त्यांना स्टॉलवर विक्री करू देईनात तर हॉटेलमध्ये खोली घेऊन चिप विकली, २५ डॉलरला, मोटोरोला आणि इंटेलचे प्रोसेसर तेव्हा १७९ ला होते ते झटक्यात ६९ वर आले. ॲपलच्या स्टीव्ह वॉझ्नियाकने तिच्यावर ॲपल १ कॉम्प्युटर बनवला. आणि टेबलावर चिपांनी भरलेल्या बरण्या ठेवल्या होत्या, पण पेडलनेच पुढे सांगितलंय की बरणीत वरच्याच चिपा चालू होत्या, खाली खराब माल भरलेला, नुसता ढीग दिसावा म्हणून. ह्यावर तुम्ही इतके हसलात की ठसका लागला, "म्हणजे मार्केटयार्डातली आंब्याची पेटीच की!" आणि सुरुवातीच्या ६५०२ मध्ये आरओआर ही एक कमांडच नव्हती, १९७६ मध्ये ती आली, तर आता संग्राहक बिनआरओआरवालीच शोधतात आणि जास्त पैसे देतात, हे सांगितलं तर तुम्ही गंभीर झालात आणि म्हणालात, तुमच्या लोकांना डॉक्टरला दाखवा.

बरोबरे तुमचं, कारण मी पण असलीच एक ऑनलाइन घेतली होती ना, १९७६ चा कोड आहे म्हणून ४,००० रुपये मोजून. तुम्ही हातात घेऊन पाच सेकंदात म्हणालात रंगवलेली आहे. पहिल्या पिनजवळचा गोल खड्डा असतो तो ओरिजिनलला गुळगुळीत असतो, हिचा वरच्या पृष्ठभागासारखाच खडबडीत होता. माझ्याच पर्समधलं नेलपॉलिश रिमूव्हर, माझाच कापूस, कापूस काळा झाला आणि खालून दुसराच नंबर आला. ४,००० गेले, पण त्या दिवशी शिकले ते नंतर तीन वेळा कामाला आलं.

आणि झेड ८० ची ती दुपार. २०२४ च्या एप्रिलमध्ये तो बनवणाऱ्या झायलॉग कंपनीने सांगितलं की आता ४० पायांचा झेड ८० बंद, शेवटच्या ऑर्डरी १४ जूनपर्यंत, १९७६ पासून बनत होता तो. मी तोंड पाडून सांगत होते आणि तुम्ही उठून खालच्या ड्रॉवरमधून पत्र्याची डबी काढलीत, "हे ते का? जपानी आहेत पण." आत एनईसी कंपनीचे तीन डी७८०सी, म्हणजे झेड ८०च, स्पेक्ट्रममध्ये हेच सर्रास यायचे. मला माहीतच नव्हतं की ऐंशीच्या दशकात तुम्ही डेसिबेल्स कंपनीचे डीबी स्पेक्ट्रम प्लस कॉम्प्युटर दुरुस्त करायचात, तेच ते १९८६ ला लायसन्सवर इथे आलेले. पोरं मशीन चालू असतानाच मागे जॉयस्टिकचं यंत्र खुपसायची, की टीआर ४ ट्रान्झिस्टर उडणार, त्याच्यामागे मेमरी जाणार, कारण त्या ४११६ मेमरीला ५, १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागायचे आणि उणे ५ गेला की बाकीचे तिला भाजून काढायचे. चाळीस वर्षांपूर्वीचा ट्रान्झिस्टरचा नंबर तुम्हाला पाठ, आणि मला काल कुठला बग क्लोज केला ते आठवत नाही. तीनातला एक तुम्ही माझ्या ट्यूबमध्ये सरकवलात आणि पैशाचं नाव काढल्यावर चिडलात.

आता ऐकलं की दिवाळीनंतर तुम्ही दुकान आवरताय, जिना होत नाही म्हणून. वाईट वाटलं, पण तुमचे गुडघे मी बघितलेत, त्यामुळे गप्प बसते. सामान हलवायला मी आणि माझे दोन ऑफिसवाले येतो, ते पुस्तकांचं कपाट तुम्ही उचलायचं नाही, नातीला सांगून ठेवलंय लक्ष ठेव म्हणून.

माझ्याकडे आता अकरा चिपा आहेत, सगळ्या ट्यूबमध्ये, सगळ्यांची नोंद वहीत. त्या 'डेड' वर रेघ मारली आहे, खोडलं नाही. आणि हो, तुमची ती ऑसिलेटरची डबी अजून माझ्याचकडे आहे, शनिवारी घेऊन येते. कपिलला पण आणते, ४० नंबरचा पाय जरा हलल्यासारखा वाटतोय, एकदा भिंगातून बघा. पंखा बंद करून जाईन.

तुमची,
थर्माकोलवाली