मस्कतच्या मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुझा मेल आला तेव्हापासून उत्तर मनात घोळतंय. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत उरकावा असा हा विषय नाही, म्हणून सवडीने लिहितोय. तू विचारलंस, "आई आता चर्चला जाऊ शकत नाही, ती रविवारची उपासना, मिस्सा, मोबाइलवर पाहते. मीही रविवारी कामावर निघण्याआधी, इथल्या साडेपाचला, आपल्या वसईच्या धर्मग्रामाची सात वाजताची मिस्सा लावतो. वाचनं ऐकू येतात, प्रवचन ऐकू येतं. फादर तेच, गायनमंडळ तेच. मग राहिलं काय?" दुसरा प्रश्न लेकीचा. दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणारा संस्कार, त्याच्या तयारीत ती सगळ्या शंका एआयला विचारते, आणि त्याची उत्तरं तिला धर्मशिक्षणाच्या टीचरपेक्षा पटतात.

मी ईशज्ञान शिकलेलो नाही. तुझ्यासारखाच प्रापंचिक आहे, धर्मगुरू नाही. पण "राहिलं काय" ह्या तुझ्या दोन शब्दांनी मला गप्प बसू दिलं नाही.

आधी एक गोष्ट बाजूला करू. चर्च यंत्रांना घाबरतं असं आपल्याकडे तरुण पोरं सर्रास बोलतात, ते खरं नाही. व्हॅटिकन रेडिओ १९३१ साली सुरू झाला तो खुद्द मार्कोनीने उभारून दिलेला, आणि त्यावरून पहिल्याच दिवशी पोप अकरावे पायस साऱ्या जगाशी बोलले. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये वृत्तपत्र, रेडिओ, सिनेमा, टीव्ही यांवर स्वतंत्र आदेश काढला. तेव्हा टीव्ही आपल्या वसईत कुणी पाहिलाही नव्हता. कोविडच्या टाळेबंदीतली २७ मार्च २०२० ची संध्याकाळ तुला आठवत असेलच. पावसात भिजलेला सेंट पीटर्सचा रिकामा चौक, पोप फ्रान्सिस एकटे चढण चढताहेत, आणि शेवटी त्यांनी साऱ्या जगाला दिलेला आशीर्वाद. तो आशीर्वाद आपण पडद्यासमोर गुडघे टेकून घेतला आणि तो आपल्याला खरोखर मिळाला. असा आशीर्वाद तारेवरून, हवेतून पोचतो हे चर्चला मान्य आहे.

पण त्याच्या आठवडाभर आधी, २० मार्चला, व्हॅटिकनमधून पापक्षमेबाबत एक पत्रक निघालं होतं. ते मी अलीकडे पुन्हा वाचलं आणि मला वाटतं तुझ्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. रुग्णालयं भरून वाहत होती, माणसं एकटी मरत होती, एकेकाचं कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, ऐकणं शक्यच नव्हतं. पत्रकात म्हटलं होतं की अशा वेळी फादरनी वॉर्डच्या दारात उभं राहून सर्वांना एकत्र पापक्षमा द्यावी, आणि आवाज आतपर्यंत पोचावा म्हणून गरज पडल्यास आवाज मोठा करणारी साधनं वापरावीत. म्हणजे लाउडस्पीकर चालेल. फोनवरून पापक्षमा देण्याची मुभा मात्र त्या भीषण दिवसांतही दिली गेली नाही. वाचणाऱ्याला हा हट्ट वाटेल. लाउडस्पीकरही यंत्र आणि फोनही यंत्रच, मग फरक कुठला? फरक असा की लाउडस्पीकर लावायचा तर फादरला त्या दारापर्यंत चालत जावं लागतं. त्याला संसर्ग होऊ शकतो. तो तिथे असतो.

व्हॅटिकनने २००२ साली इंटरनेटवर जो दस्तऐवज काढला त्यात हेच एका वाक्यात आहे: इंटरनेटवर संस्कार नाहीत. संस्कार म्हणजे बाप्तिस्मा, पापक्षमा, मिस्सा असे विधी. तेव्हा फेसबुकही नव्हतं, यूट्यूबही नव्हतं. आपला देव देह धरून आला, बेथलेहेमच्या गोठ्यात रडला, कुष्ठरोग्याला हात लावून बरं करता झाला. नुसता शब्द पुरला असता तर त्याने शब्दच पाठवला असता. म्हणून संस्काराला पाणी लागतं, तेल लागतं, भाकर लागते, डोक्यावर ठेवलेला हात लागतो. पोप फ्रान्सिस स्वतः त्या टाळेबंदीत रोज सकाळची मिस्सा थेट प्रक्षेपणातून देत होते, आणि तेच एप्रिलमध्ये म्हणाले की ही अडचणीच्या काळातली सोय आहे, चर्च म्हणजे लोकांसोबत आणि संस्कारांसोबत असणं.

आता तुझ्या आईबद्दल. दर रविवारी मिस्सेनंतर आजाऱ्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेत ख्रिस्तशरीर म्हणून अर्पण झालेली भाकर, नेऊन द्यायचं काम धर्मग्रामाने माझ्यावर सोपवलंय, हे तुला ठाऊक आहे. आपल्यासारख्या प्रापंचिकांना ही सेवा करू देण्याची परवानगी रोमने १९७३ मध्ये दिली. फादर वेदीवरून छोट्या सोनेरी डबीत ख्रिस्तशरीर देतात, ती डबी पिशवीत घालून गळ्यात अडकवायची आणि थेट घर गाठायचं. रस्त्यात कुणी हाक मारली तर नुसती मान हलवायची. तुझ्या घरी पोचतो तेव्हा मोबाइल स्टीलच्या पेल्याला टेकवून उभा केलेला असतो, नंतरच्या मिस्सेचं प्रक्षेपण संपत आलेलं असतं. तुझी आई लाल लुगडं नेसून, केस विंचरून खुर्चीत बसलेली. टीपॉयवर विणलेला पांढरा रुमाल, मेणबत्ती, क्रूस, वाटीत पाणी आणि चमचा. मी उंबऱ्याशी आलो की ती पहिलं काम करते ते मोबाइल पालथा घालते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. मी "ख्रिस्ताचं शरीर" म्हणतो, ती "आमेन" म्हणते. तिला आता अख्खं गिळवत नाही, म्हणून छोटा तुकडा आणि वर चमचाभर पाणी. मग बराच वेळ ती डोळे मिटून बसते.

ती तासभर पाहते ती मिस्सा वाया जाते असं मी मुळीच म्हणत नाही. त्या प्रक्षेपणामुळे तिला कळतं की आज कुणाच्या नावाने प्रार्थना झाली, कुणाच्या लग्नाच्या चिठ्ठ्या, म्हणजे जाहीर सूचना, वाचल्या. त्याच्याशिवाय ती गावापासून तुटली असती. शिवाय आजारी माणसावर रविवारच्या मिस्सेचं बंधनही नसतं. पण पडदा तिला वेदीजवळ नेऊन सोडतो आणि तिथे थांबतो. पुढचं अंतर कुणीतरी पायांनी कापावं लागतं. ही रीत काही आजची नाही. इ. स. १५० च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिन यांनी रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय, त्यात स्पष्ट आहे की जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी सेवक भाकर घरी घेऊन जात.

तुझं मात्र वेगळं आहे, आणि हे मी मित्र म्हणून उघड सांगतो. तुझे पाय धड आहेत. मस्कतमध्येच रूवीला संत पेत्र आणि संत पौल यांचं चर्च आहे, तिथे सुट्टीच्या शुक्रवारी रविवारचीच मिस्सा होते. तिथे शेजारी केरळचा कुणी, गोव्याचा कुणी, फिलिपिन्सची कुणी उभी असेल. गायन आपलं नसेल, प्रवचन इंग्रजीत असेल. तरी जा. आपल्या वसईची मिस्सा पाहून तुला घराची ओढ भागवता येते, ते मला समजतं, पण घराची आठवण आणि मिस्सा ह्या दोन गोष्टी आहेत.

लेकीकडे वळतो. एआयला प्रश्न विचारण्यात मला वावगं दिसत नाही. संत कार्लो अक्युटिसकडे बघ ना. २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला पोरगा, ७ सप्टेंबर २०२५ ला पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत जाहीर केलं. त्याने काँप्युटरवर ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांची जगभरातली माहिती गोळा करून मांडली. पण तो रोज मिस्सेलाही जात असे, आणि व्हिडिओ गेमला त्याने स्वतःच आठवड्याला एक तास ठरवून घेतला होता. पोरीला त्याची गोष्ट सांग.

आणखी एक गोष्ट सांग. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका कॅथलिक संस्थेने प्रश्नांची उत्तरं देणारा एआय 'फादर' तयार केला, पडद्यावर झगा घातलेला. नाव ठेवलं जस्टिन, त्याच संताच्या नावावरून. थोड्याच दिवसांत तो लोकांना आपण खरा धर्मगुरू असल्याचं सांगू लागला, एकाला पापक्षमासुद्धा देऊन मोकळा झाला. संस्थेने लगेच त्याचा झगा काढून त्याला साधा जस्टिन केलं. हेतू चांगला होता, पण मला त्या माणसाची काळजी वाटते ज्याने आपलं पाप कुणाला तरी सांगितलं असं समजून रात्री झोप घेतली. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने एआयवर जो दस्तऐवज काढला, त्यात एआयला माणूस म्हणून पुढे करणं नेहमी टाळावं असं स्पष्ट लिहिलंय.

पोरगी संतांची नावं, दहा आज्ञांचा अर्थ, बायबलमधला संदर्भ विचारते आहे तोवर ठीक, फक्त उत्तर बायबल उघडून पडताळायची सवय लाव. पण ह्या वयात मुलं आपल्या मनातलं, अपराधाचं, लाजेचंही तिथेच बोलायला लागतात. कन्फेशनमधलं बोलणं यंत्रावर टिपून घेणाऱ्याला किंवा माध्यमांतून फोडणाऱ्याला चर्चने १९८८ मध्ये बहिष्काराची शिक्षा ठरवली, इतकं ते जपलं जातं. एआयशी बोललेलं मात्र कुठल्यातरी कंपनीच्या काँप्युटरवर साठतं. आणि टीचरची उत्तरं तिला फिकी वाटत असतील, तरी ती बाई दिवसभराची नोकरी करून संध्याकाळी त्या पोरांसाठी येते, हे तिच्या ध्यानात आणून दे. श्रद्धा आपल्याला अशाच माणसांकडून मिळाली. तुला आणि मला नमो मरियाची प्रार्थना कुणी शिकवली ते आठव.

तुझ्या कंपनीत हिशेबाचं काम यंत्राकडे जाणार म्हणतोस, त्याची धास्ती मला कळते. पोप लिओंनी निवड झाल्यावर दोनच दिवसांनी कार्डिनलांना सांगितलं की त्यांनी हे नाव तेराव्या लिओंवरून घेतलं, ज्यांनी १८९१ मध्ये कारखान्यांतल्या कामगारांच्या बाजूने परिपत्र लिहिलं. आज एआयमुळे माणसाच्या श्रमाचा आणि प्रतिष्ठेचा तोच प्रश्न उभा आहे. तुझी धास्ती रोमपर्यंत पोचलेली आहे एवढं मला बरं वाटतं. त्यावर पुढच्या पत्रात सविस्तर लिहितो, कारण तिथे माझी मतं अजून पक्की झालेली नाहीत.

आईला रविवारी फोन करतोस तो साडेदहानंतर कर. त्याआधी मोबाइल पालथा असतो, ती उचलणार नाही आणि तू उगाच घाबरशील. व्हिडिओ कॉल कर, तिला तुझा चेहरा बघायचा असतो. नाताळच्या रजेचं नक्की झालं की कळव, क्रिबसाठी, गोठ्याच्या देखाव्यासाठी, बांबू मी आधीच बघून ठेवतो.

तुझाच,
वसईचा दोस्त