हटके वस्तूसोबत चिठ्ठीही हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईच्या तोंडावर नागपुरात प्रदर्शनांची रांग लागते. ड्रेस मटेरियल आणि लोणची-पापडांच्या टेबलांशेजारी आता स्वतंत्रपणे काम करणारी नवी डिझायनर मंडळीही दिसू लागली आहेत. रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवात) बसवलेल्या संत्र्याच्या सालीचे कानातले, करवतकाठी टसर रेशमाच्या उरलेल्या तुकड्यांचे जॅकेट, ट्रकच्या ट्यूबची झोळी, बांबूच्या बांगड्या. यातले बरेच काम मनापासून केलेले असते आणि त्याला गिऱ्हाईक मिळायलाच हवे. पण ती वस्तू एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढेल की नाही, हे ना घेणाऱ्याला कळते, ना अनेकदा विकणाऱ्याला.

ठुशी घेताना फासा आणि गोंड्याचा दोरा बघायचा, लुगडे घेताना पदर उलटून बघायचा, हे घरोघरी ठाऊक असते. जुन्या वस्तूची पारख पिढ्यांनी करून ठेवली आहे. नव्या वस्तूला ती सोय नाही. म्हणून ती घडवणाऱ्यानेच तिची पारख लिहून दिली पाहिजे: वस्तू कशाची आहे, वजन किती, जोड कसा केला, कशाने बिघडते आणि मोडल्यास दुरुस्त कोण करील. अशी चिठ्ठी प्रत्येक वस्तूला लावण्याची अट प्रदर्शनाच्या आयोजकांनी घालावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे. चिठ्ठीत काय यावे, ते थोडे तपशिलाने सांगतो.

आधी संत्र्याची साल घेऊ, कारण कल्पना अस्सल नागपुरी आहे आणि फसतेही पटकन. साल वरून खडखडीत लागते, पण आतल्या पांढऱ्या थरात ओल टिकून असते. तशीच ती रेझिनमध्ये बुडवली की काही आठवड्यांत कडेने तपकिरी होते आणि भोवती दुधाळ वलय धरते. पांढरा थर चमच्याने खरवडून काढावा, चकत्या हवाबंद डब्यात सिलिका जेलमध्ये पाच ते सात दिवस पुरून ठेवाव्यात आणि रोज वजन करावे. सलग दोन दिवस वजन तेच भरले, म्हणजे साल सुकली. सालीला बारीक छिद्रे असतात, त्यांतली हवा रेझिनमध्ये बुडबुडे सोडते. त्यामुळे आधी ब्रशने रेझिनचा पातळ हात द्यावा, तो आळल्यावरच साच्यात ओतावे.

रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर यांचे प्रमाण प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. कुठे दोनास एक, कुठे तीनास एक, कुठे वजनाने तर कुठे मापाने. बाटलीवर वजन लिहिले असताना चमच्याने मोजले तर तुकडा कायमचा चिकट राहतो. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकते, ही समजूत चुकीची आहे. जास्तीचा हार्डनर आतच राहतो, तुकडा मऊ पडतो आणि घामाने त्वचेला खाज सुटते. कानातल्यांच्या एका जोडीला दहा-बारा ग्रॅम मिश्रण लागते. तिथे अर्ध्या ग्रॅमची चूकही मोठी ठरते, म्हणून ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतोच. एपॉक्सी, म्हणजे हेच हार्डनर घालून केलेले रेझिन, चोवीस तासांत हाताळण्याजोगे होते, पण पुरते पक्के व्हायला साधारण सात दिवस घेते. डिसेंबरच्या गार रात्री तर त्याहून जास्त. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री ओतलेला माल दुसऱ्या दिवशी टेबलावर मांडूच नये. घासकामाची धूळ आणि कच्चे रेझिन दोन्ही घातक आहेत. हातमोजे, मास्क आणि उघडी खिडकी यांत सूट नाही.

आणि हे सगळे बरोबर केले, तरी नागपूरचा मे महिना उरतोच. दागिन्यांसाठी वापरले जाणारे बरेचसे रेझिन ५० ते ६० अंशांच्या आसपास नरमू लागते. बाहेर पारा ४५ च्या पुढे गेला की उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत त्याहून बरेच तापते. दीड-दोन मिलिमीटरची पातळ चकती तिथे वाकते आणि गार झाल्यावर वाकलेलीच राहते. म्हणून जाडी निदान तीन मिलिमीटर ठेवावी आणि चिठ्ठीवर ठसठशीत लिहावे: उन्हातल्या गाडीत ठेवू नका. ग्लू गनने चिकटवलेले मणी आणि हूक तर या उन्हात सुटणारच. तिथे दोन भागांचे एपॉक्सी वापरावे, आणि शक्य असेल तर भोक पाडून कडीच घालावी.

कडीचा विषय निघालाच आहे, तर ती जवळून बघू. हलक्या लोलकाला ०.८ मिलिमीटर जाडीच्या तारेची कडी पुरते, जड असेल तर एक मिलिमीटर. कडी उघडताना दोन पकडींनी एक टोक पुढे आणि एक मागे सरकवायचे. दोन्ही टोके बाजूला फाकवली की तिचा गोल बिघडतो, मिटवल्यावरही केसाएवढी फट राहते आणि त्या फटीतून लोलक कधी गळून पडला ते कळतही नाही. घेणाऱ्याने कडीवरून नख फिरवावे. नख अडले तर तिथल्या तिथे मिटवून मागावी. एका कानातल्याचे वजन आठ-दहा ग्रॅमच्या वर गेले की दिवसभर घालणे अवघड होते, कानाची पाळी ओढली जाते. मोठा आकार हवा असेल तर आतून पोकळ करावा किंवा वजन कानावरून जाणाऱ्या साखळीवर घ्यावे. चिठ्ठीवर ग्रॅम लिहायला काहीच कष्ट पडत नाहीत.

ऑक्सिडाइज्ड, म्हणजे मुद्दाम काळपट केलेल्या दागिन्यांबाबत ग्राहकांची जास्तच दिशाभूल होते. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदी नसते. तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. निकेलची ॲलर्जी असलेल्याला कान चिघळणे, गळ्याला लाल चट्टे उठणे हा त्रास होतो. घामात निकेल सुटते, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो वाढतो. युरोपात टोचलेल्या भागात जाणाऱ्या दांडीतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असा नियम आहे. छोट्या कारागिराने एवढे तरी करावे: दागिना कशाचाही असो, कानात जाणारा हूक ९२५ चांदीचा किंवा टायटॅनियमचा लावावा. ३१६एल प्रकारच्या स्टीलमध्ये निकेल असते, पण स्टील ते घट्ट धरून ठेवते, त्यामुळे बहुतेकांना चालते. फार संवेदनशील कानांनी तेही टाळावे. वरून पारदर्शक नेलपॉलिश लावण्याचा उपाय काही दिवसच टिकतो.

आता कापड. विदर्भाच्या करवतकाठीला भौगोलिक मानांकन आहे. अंग टसरचे, काठ वेगळ्या रंगाचा आणि दोघांच्या सीमेवर करवतीचे दाते. हे दाते तीन धोट्यांनी विणताना तयार होतात. अंगाचा बाणा (आडवा धागा) आणि काठाचा बाणा तिथे एकमेकांत अडकवून मागे वळवलेले असतात. ही वीण समजून न घेता जॅकेट बेतले आणि कात्री नेमकी त्या सांध्यावरून उभी गेली, की अडकवलेले फासे सुटतात आणि काठ अंगापासून वेगळा होऊ लागतो. कापायचे तर सांध्यापासून किमान दोन सेंटिमीटर सोडून कापावे. दाते मध्यभागी दिसतील असा तुकडा बेतला तर सांधाही शाबूत राहतो आणि शोभाही वाढते. छापील करवत ओळखायची तर कापड उलटावे. छापलेले दाते मागून फिके दिसतात, विणलेले दोन्हीकडून तितकेच ठळक.

टसरचे सूत सरकते. एक सेंटिमीटर दाब (शिवणीबाहेर सोडलेले कापड) ठेवून साधी शिवण मारली की काखेत आणि पाठीवर शिवण फाकते. टाका टिकून असतो, कापडच त्यातून निसटते. दाब दीड ते दोन सेंटिमीटर ठेवावा, अकरा नंबरची सुई आणि साधारण अडीच मिलिमीटरचा टाका घ्यावा, कडा आत दडवणारी दुहेरी शिवण करावी आणि मापात ढील द्यावी. आतून फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारे, ताठपणा देणारे अस्तर) लावायचे असेल तर दोन्ही कापडे आधी भिजवून आटवून घ्यावीत. इस्त्री सरकवू नये, एका जागी दहा-पंधरा सेकंद दाबून धरावी, उचलावी, पुढे ठेवावी. तापमान फ्युजिंगच्या कागदावर लिहिलेले असते. पहिल्या धुण्यानंतर कॉलरवर फोड आलेले दिसतात, त्याचे कारण बहुधा हेच: न आटवलेले कापड किंवा सरकवलेली इस्त्री.

टसर म्हणून घेतलेले कापड टसरच आहे का, हेही तपासावे. ताण्याचा (उभा) एक धागा आणि बाण्याचा एक धागा, दोन्ही वेगवेगळे जाळून बघावेत. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. दोन्ही धागे वेगळे जाळायचे, कारण एका दिशेला रेशीम आणि दुसऱ्या दिशेला पॉलिएस्टर असलेला माल बाजारात भरपूर आहे. मिश्र कापड वापरण्यात गैर काही नाही. ते मिश्र म्हणून विकावे. हातमागाचे असेल तर त्याची खूण म्हणून २००६ पासून चालू असलेले हँडलूम मार्क आहे. विणीबद्दल किंवा रंगाबद्दल शंका असेल तर शहरातच विणकर सेवा केंद्र आहे, तिथे जाऊन विचारावे. नव्या मंडळींनी मुंबई-दिल्लीच्या कार्यशाळांआधी गोळीबार चौक-पाचपावलीकडच्या कोष्टी विणकरांकडे दोन दिवस बसावे, असे आम्हाला फार वाटते.

पळसफुलांच्या रंगाचे दुपट्टेही आता दिसतात. रंग देखणा, पण उन्हात लवकर उडणारा. कोरड्या कापडाच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के तुरटी आधी नीट बसवली तर धुण्यात टिकाव वाढतो, उन्हापुढे मात्र तीही फारशी चालत नाही. ‘सावलीत वाळवा, घडीची बाजू बदलत राहा’ हे चिठ्ठीवर आलेच पाहिजे. कोणत्याही रंगीत वस्तूची सोपी परीक्षा म्हणजे ओलसर पांढरा रुमाल वीस वेळा घासणे. गळ्यातल्या कापडी दागिन्याला ती हवीच, नाहीतर पांढऱ्या कुर्त्याच्या गळ्यावर रंग उतरतो.

बांबूचे दुखणे वेगळे. ऑगस्टच्या दमट हवेत घडवलेली बांगडी मेच्या कोरड्या हवेत आकसते आणि तडकते. बांबू तीन वर्षांहून जुना, हिवाळ्यात तोडलेला आणि नीट वाळवलेला घ्यावा. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या साधारण पाच टक्के द्रावणात तो भिजवला नाही तर आतल्या पिठूळपणाला कीड लागते. वस्तूखाली पिवळसर भुकटी पडू लागली की कीड लागली समजावे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. नुसते यूट्यूब बघून काम सुरू करण्यापेक्षा तिथे जाणे केव्हाही चांगले.

ट्यूबच्या झोळीत टाके फार जवळ घेऊ नयेत. छिद्रांची ओळ पडते आणि रबर त्या ओळीवर फाटते. चार मिलिमीटरचा टाका, जाड सुई, नायलॉनचा दोरा. पट्टा जिथे जोडला असेल तिथे चौकोन आणि आत फुली अशी शिवण हवी. पाच किलो सामानासाठी बनवलेली झोळी दहा किलो टांगून रात्रभर ठेवून बघावी. चकाकीसाठी खनिज तेल लावू नये, रबर फुगते.

किमतीबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. सीताबर्डीच्या फुटपाथवरच्या शंभर रुपयांच्या कानातल्यांशी तुलना करून घासाघीस होते, तेव्हा नव्या कारागिरावर अन्याय होतो. पण त्याच्या टेबलावर फरक सांगणारे काहीच लिहिलेले नसेल तर गिऱ्हाइकाने तुलना करायची तरी कशाशी? चांदीचा हूक, सात दिवस पक्के झालेले रेझिन, दुहेरी शिवण हे लिहिलेले असले की पाचशे रुपयांचे कारण दिसते. पाकीटबंद माल विकताना आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे उत्पादकाचे नाव-पत्ता आणि किंमत छापावीच लागते. टेबलावर उघड्या मांडलेल्या वस्तूवर तेवढेही नसते, आणि प्रदर्शन उठले की विकणारा सापडत नाही.

म्हणून आयोजकांना विनंती. स्टॉलच्या अर्जात पाच ओळींची जागा ठेवावी: साहित्य, वजन, जोड, निगा, दुरुस्ती. प्रत्येक प्रकारातली एक वस्तू प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी मागवून घ्यावी आणि हूक, कडी, पट्टा, रंग एवढे चारच तपासावेत. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, एक काटा, एक ओला रुमाल आणि अनुभवी शिंपी-सोनाराचा अर्धा दिवस पुरतो. शेवटच्या दिवशी एक टेबल दुरुस्तीसाठी राखावे आणि मागच्या वर्षी घेतलेल्या वस्तूही तिथे आणायला सांगावे. काय मोडले आणि कुठून मोडले हे बनवणाऱ्याला त्याच टेबलावर समजेल. ज्या संस्थांमध्ये फॅशन आणि वस्त्रकला शिकवली जाते, तिथल्या विद्यार्थ्यांना हे टेबल चालवायला द्यावे.

आपले,
हातमाग, शिवणकाम व दागिने घडणीत काम करणारे काही वाचक,
नागपूर