पंचनाम्यात न येणारी पडझड

महोदय,

पावसाळ्याच्या तोंडावर आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठका सुरू झाल्या आहेत. होड्या, जेसीबी, निवारा केंद्रे, सगळ्याचा आढावा होतो. लहानग्यांना कडेवर घेऊन त्या केंद्रांत रात्र काढणाऱ्या आयांचा विषय निघत नाही, म्हणून हे पत्र.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा मी दापोली तालुक्यात अंगणवाडी सेविका होते. टाळेबंदीमुळे अंगणवाडी बंदच होती. माड-पोफळी आडव्या झाल्या, पत्रे-कौलं उडाली, पंचनामे झाले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आहार वाटायला घरोघर जायचे तेव्हा दिसायचं ते वेगळंच. एका घरातला चार वर्षांचा मुलगा जरा वारा सुटला की खाटेखाली शिरायचा आणि "आई, कौलं पडतील?" एवढंच विचारत राहायचा. सुटलेली सवय परतली होती, रोज अंथरूण ओलं. बाप मुंबईत अडकलेला, फोनला रेंज नाही. सासू, शेजारणी आईलाच बोलायच्या, "तूच लाडावून ठेवलायस." शेवटी ती रडत म्हणाली, "बाई, मला पोर सांभाळताच येत नाही."

तिचं काहीच चुकत नव्हतं. अशा संकटानंतर लहान मुलं आईला चिकटतात, पुन्हा तान्ह्यासारखी वागतात. जेवणझोप वेळेवर आणि जवळचं माणूस शांत असलं की बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. तो मुलगा पुढे करवंट्यांची घरं रचून फुंकर मारून पाडायचा. आई घाबरली. मी म्हटलं, खेळू दे, भीती अशीच बाहेर पडते. मग तीही त्याच्यासोबत घरं रचायला बसू लागली.

हे सांगायला डॉक्टर लागत नाही, पण सांगणारं माणूस दारात यावं लागतं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, जुलैत चिपळूणचा महापूर आणि तळियेची दरड. भरपाईवर रकानेच्या रकाने छापून आले, पण खचलेल्या आईबापांना धीर देण्याची सोय माझ्या तरी पाहण्यात आली नाही.

निवारा केंद्रात सहा वर्षांखालील मुलांच्या आयांना वेगळी, आडोशाची खोली द्यावी. धोका टळताच शाळेआधी अंगणवाडी भरवावी, मग ती देवळाच्या सभामंडपात का असेना. तलाठी पंचनाम्याला येतात त्या आठवड्यात सेविकेला मोबाइलवर माहिती भरण्यातून मोकळी करून घरोघर बसू द्यावं. आणि टेली-मानस या मानसिक आधार देणाऱ्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. मुंबईत जीव टांगणीला लागलेल्या चाकरमानी बापालाही तो उपयोगी पडेल.

— एक निवृत्त अंगणवाडी सेविका, ता. दापोली, जि. रत्नागिरी